‘सवय’ की निवड? : प्रारण सोसणाऱ्या जीवाणूंविषयीच्या लेखनाची चिकित्सा

१. प्रश्नाची मांडणी

‘जीवाणूंना औषधाची सवय होते’ हे वाक्य मराठी घरांत, दवाखान्यांत आणि लोकप्रिय विज्ञानलेखनात सारखेच ऐकू येते. उर्दू बोलणारा याच ठिकाणी ‘जरासीम दवा के आदी हो जाते हैं’ असे म्हणतो. हेच वाक्य थोडा वेश बदलून प्रारणाच्या चर्चेतही येते. किरणांचा मारा सोसता सोसता जीवाणू त्यांना सरावले, त्यांनी स्वतःत बदल घडवून आणला, त्यांनी प्रतिकारशक्ती कमावली, अशी त्याची निरनिराळी रूपे असतात. दोन्ही भाषांत ही वाक्ये व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष आहेत आणि विज्ञानाच्या दृष्टीने सदोष आहेत.

दोष कोठे आहे? सवय ही एका व्यक्तीला लागते. आज कडू चहा न पिणारा माणूस महिनाभराने तो पिऊ लागतो; माणूस तोच असतो, त्याची आवड बदलते. जीवाणूंच्या बाबतीत बहुतेक वेळा असे घडत नाही. मारा झाला की असंख्य पेशी मरतात, थोड्या उरतात आणि उरलेल्यांची प्रजा वाढते. बदल होतो तो वस्तीच्या रचनेत. मेलेली पेशी काही शिकलेली नसते आणि उरलेली पेशीही त्या माऱ्यातून धडा घेऊन उरलेली नसते. ‘सवय’ हा शब्द या सर्व मृत्यूंवर पडदा टाकतो. प्रारण सोसणाऱ्या जीवाणूंच्या संशोधनाचा इतिहास नजरेसमोर ठेवून ही भाषा कोठे खरी ठरते आणि कोठे दिशाभूल करते, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरंभी एका शब्दाचा खुलासा आवश्यक आहे. मराठीत ‘किरणोत्सर्ग’ हा शब्द सर्रास दोन अर्थांनी वापरला जातो. काही मूलद्रव्यांच्या अणुकेंद्रांतून आपोआप किरण बाहेर पडतात, हा किरणोत्सर्ग होय. उर्दूत त्याला ‘ताबकारी’ म्हणतात. प्रारण ही व्यापक संज्ञा आहे. सूर्याचे अतिनील किरण (जुन्या मराठी ग्रंथांतील जंबुपार, उर्दूतील बालाए-बनफ्शी) हे प्रारण आहे, पण तो किरणोत्सर्ग नव्हे. पुढे येणाऱ्या प्रयोगांपैकी काही अतिनील किरणांचे आहेत, तर काही गॅमा किरणांचे. दोन्हींना एकच नाव दिले तर वाचकाचा पहिल्याच पायरीवर गोंधळ होतो.

२. उरलेल्या चार पेशी

प्रारणाला दाद न देणाऱ्या जीवाणूंच्या आनुवंशिक अभ्यासाचा आरंभ १९४४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील कोल्ड स्प्रिंग हार्बर येथील प्रयोगशाळेत झाला. एव्हलिन विटकिन ही तरुण संशोधिका ‘ई. कोलाय’ या जीवाणूच्या ‘बी’ वाणावर अतिनील किरणांचे परिणाम पाहत होती. मात्रा फार मोठी झाली आणि तबकडीवरील जवळजवळ सर्व पेशी मेल्या. चार तेवढ्या उरल्या. दुसऱ्या एखाद्याने तबकडी धुऊन मात्रा कमी केली असती. विटकिन यांनी विचारले, या चारच का उरल्या? त्यांची प्रजा वाढवून पाहिल्यावर ती अतिनील किरणांना मूळ वाणापेक्षा कितीतरी अधिक टिकाऊ असल्याचे दिसले. किरणांपासून दूर वाढवलेल्या पुढच्या पिढ्यांतही हा गुण कायम राहिला. या वाणाला ‘बी/आर’ हे नाव मिळाले. ‘ई. कोलाय’ जीवाणूतील प्रारणरोधाच्या आनुवंशिकीवरील त्यांचा निबंध १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला.

लोकप्रिय कथनात हा प्रसंग ‘जीवाणूने किरणांवर मात करायला शिकले’ असा सांगता येईल, आणि तेथेच तो बिघडेल. मूळ ‘बी’ वाणाच्या पेशी किरणांचा मारा झाल्यावर दुभागणे थांबवीत, नुसत्या लांबत जात, त्यांचे दोऱ्यासारखे तंतू होत आणि त्या मरत. ‘बी/आर’ मध्ये हा थांबा लागू होत नव्हता. उत्परिवर्तनाने तेथे नवी ढाल दिलेली नव्हती. एक ब्रेक निकामी केला होता. त्या परिस्थितीत तो ब्रेक घातक ठरत असल्याने त्याचे निकामी होणे फायद्याचे झाले. जेथे काही गमावले गेले तेथे ‘कमावले’ हे क्रियापद वापरणे म्हणजे घटनेचा अर्थच उलटा करणे होय.

विटकिन यांनी पुढे याच प्रश्नाचा दीर्घकाळ पाठपुरावा केला. २०१५ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला आणि २०२३ मध्ये, वयाची शंभरी ओलांडल्यावर, त्यांचे निधन झाले. एका तबकडीवरच्या चार ठिपक्यांपासून सत्तर वर्षांचे शास्त्र कसे उभे राहते, याचे हे उदाहरण आहे.

३. मखमलीची साक्ष

बदल माऱ्यामुळे होतो की माऱ्याआधीच झालेला असतो, या प्रश्नाचे उत्तर तर्काने मिळण्याजोगे नव्हते. साल्व्हादोर लूरिया आणि माक्स डेलब्रुक यांनी १९४३ मध्ये त्यासाठी एक कसोटी मांडली. लूरिया यांना तिची कल्पना सुचली ती प्राध्यापकांच्या एका मेळाव्यात, नाणे टाकून खेळायच्या जुगारयंत्रापाशी. बहुतेकांना काहीच मिळत नाही. एखाद्याच्या ओंजळीत मात्र एकदम नाण्यांचा ढीग पडतो.

कसोटी अशी होती. जीवाणू अनेक वेगवेगळ्या नळ्यांत वाढवायचे आणि मग प्रत्येक नळीतील पेशींची जीवाणूभक्षक विषाणूशी गाठ घालून द्यायची. विषाणूच्या संपर्कामुळेच प्रतिकार उत्पन्न होत असेल, तर सर्व नळ्यांत टिकणाऱ्यांची संख्या साधारण सारखी यावी. बदल आधीच, केव्हातरी योगायोगाने होत असेल, तर ज्या नळीत तो लवकर झाला तेथे त्याची प्रजा मोठी असेल आणि जेथे झालाच नाही तेथे शून्य. प्रत्यक्षात काही नळ्यांत एकही टिकाऊ पेशी नव्हती, तर काहींत शंभराहून अधिक होत्या. जुगारयंत्राने सवयीच्या विरुद्ध साक्ष दिली.

ही साक्ष आकडेमोडीची असल्याने अनेकांना ती पटण्यास वेळ लागला. जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग या दांपत्याने १९५२ मध्ये डोळ्यांना दिसेल असा पुरावा दिला. त्यांनी एका ठोकळ्यावर मखमल ताणून बसवली. जीवाणूंच्या वसाहती असलेल्या तबकडीवर ती हलकेच दाबली आणि तोच ठसा दुसऱ्या तबकड्यांवर उमटवला. नव्या तबकड्यांत विषाणू किंवा औषध होते. मूळ तबकडीत नव्हते. टिकणाऱ्या वसाहती निरनिराळ्या तबकड्यांवर त्याच त्या जागी उगवल्या. मूळ तबकडीवरील त्या जागेपासून निवड करत गेल्यावर, ज्यांना विषाणूचा किंवा औषधाचा कधी स्पर्शही झाला नव्हता, अशाच पेशींतून टिकाऊ वाण हाती आला. ज्याची भेटच झाली नाही त्याची सवय कशी होणार? वर्गात हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवला तर पुष्कळ काम त्यातच होते.

४. मांसाच्या डब्यातील जीवाणू

या विषयावरील लेखनाचा खरा नायक मात्र ‘डायनोकॉकस रेडिओड्युरन्स’ हा जीवाणू आहे. १९५६ मध्ये अमेरिकेतील ओरेगन राज्यात आर्थर अँडरसन आणि त्यांचे सहकारी डबाबंद मांस गॅमा किरणांनी निर्जंतुक करण्याचे प्रयोग करीत होते. सर्व जीव मरतील असे मानलेल्या मात्रेनंतरही एक डबा नासला आणि त्यातून हा गुलाबी-तांबूस जीवाणू मिळाला. माणसाच्या सर्व शरीराला एकदम सुमारे ५ ग्रे मात्रा मिळाली आणि उपचार झाले नाहीत, तर मृत्यूची शक्यता मोठी असते. हा जीवाणू ५,००० ग्रे मात्रा फारशी हानी न होता सोसतो. एवढ्या माऱ्याने त्याच्या डीएनएचे शेकडो तुकडे होतात आणि काही तासांत तो ते पुन्हा जोडून घेतो.

असा जीव कथाकारांच्या हाती लागल्यावर विशेषणांचा पूर येणारच. ‘अमर’, ‘अजिंक्य’, ‘अणुयुद्धाला पुरून उरणारा’ अशी बिरुदे त्याला मिळाली. इंग्रजीत एका काल्पनिक योद्ध्याच्या नावावरून त्याला ‘कोनन’ म्हटले गेले. या बिरुदांनी एक मूलभूत प्रश्न झाकला जातो. पृथ्वीवर नैसर्गिकरीत्या हजारो ग्रे मात्रेचा मारा एकदम कोठेही होत नाही. मग ज्या संकटाशी कधी गाठ पडली नाही, त्याची तयारी या जीवाणूजवळ कोठून आली? ‘सरावला’ या क्रियापदापाशी याचे उत्तर नाही.

व्हॅलेरी मॅटिमोर आणि जॉन बॅटिस्टा यांनी १९९६ मध्ये एक समर्पक दुवा दाखवला. या जीवाणूचे जे उत्परिवर्तित वाण प्रारणाला बळी पडत, ते कोरडे पडण्यालाही बळी पडत. पाणी आटले की पेशीचा डीएनए असाच तुटतो. म्हणजे ही क्षमता मुळात कोरडेपणात तगून राहण्याची आहे आणि प्रारण सोसणे हा तिचा आनुषंगिक लाभ आहे, असे हे प्रतिपादन आहे. मायकेल डेली आणि सहकाऱ्यांनी २००४ पासून आणखी एका बाजूकडे लक्ष वेधले. या पेशीत लोहाच्या मानाने मँगनीज पुष्कळ असते आणि मँगनीजची संयुगे प्रथिनांचे रक्षण करतात. दुरुस्ती करणारी प्रथिने शाबूत राहिली तर तुटलेला डीएनए जोडता येतो. कारागीरच मेले तर घर कोण बांधणार? या दोन्ही स्पष्टीकरणांत पराक्रम नाही. दुष्काळात तगण्याची जुनी तजवीज आणि कारागिरांचे रक्षण, एवढेच आहे.

महाराष्ट्राशीही या जीवाणूचा संबंध आहे. मुंबईतील तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातील संशोधकांनी २००६ मध्ये त्यात दुसऱ्या जीवाणूचे एक जनुक बसवून विरल आण्विक कचऱ्यातील युरेनियम अवक्षेपाच्या रूपाने वेगळे करण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. इतर जीव जेथे टिकत नाहीत तेथे याला कामाला लावता येईल, असा त्यामागचा विचार आहे. ‘अमर जीवाणू’ या मथळ्यापेक्षा हे संशोधन मराठी वाचकाला सांगण्याजोगे अधिक आहे.

५. ‘दिशा’ कोणाची?

निसर्गात तयार असलेला टिकाऊ जीव अभ्यासणे वेगळे आणि साध्या जीवाणूपासून तसा जीव घडताना पाहणे वेगळे. हे दुसरे काम बॅटिस्टा आणि विस्कॉन्सिन विद्यापीठातील मायकेल कॉक्स यांच्या गटाने केले व २००९ मध्ये प्रसिद्ध केले. ‘ई. कोलाय’च्या वस्तीवर सुमारे ९९ टक्के पेशी मरतील इतका गॅमा किरणांचा मारा करायचा, उरलेल्यांची प्रजा वाढवायची आणि पुन्हा मारा करायचा, अशी २० आवर्तने त्यांनी केली. शेवटी मिळालेल्या वाणांची मोठ्या मात्रेत टिकण्याची क्षमता मूळ वाणाच्या हजारो पट झाली. याच कामाचा पुढचा भाग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. एका वाणात जमलेल्या अनेक बदलांपैकी मोजक्या तीन जनुकांतील बदलांनीच त्याच्या टिकाऊपणाचा मोठा वाटा स्पष्ट होतो, असे त्यात दिसले. त्यांपैकी ‘रेकए’ हे डीएनए दुरुस्तीचे प्रमुख जनुक आहे.

२००९ च्या निबंधाच्या शीर्षकात उत्क्रांतीला ‘डायरेक्टेड’ हे विशेषण आहे. त्याचे शब्दशः ‘दिग्दर्शित’ असे भाषांतर केले की वाचकाला जीवाणूने दिशा पकडली असे वाटते. प्रत्यक्षात दिशा प्रयोगकर्त्याची आहे. किती मारायचे आणि कोणाला वाढू द्यायचे, हे त्याने ठरवले. बियाण्यासाठी टपोरी कणसे बाजूला ठेवणारा शेतकरी जे करतो तेच येथे झाले. कणसाने टपोरे होण्याचा निश्चय केलेला नसतो. म्हणून ‘प्रयोगकर्त्याने निवड करून घडवलेली उत्क्रांती’ असे लांबलचक, पण प्रामाणिक भाषांतर अधिक योग्य ठरते.

६. प्रतिपक्षाचे बळ

येथवरचे विवेचन एकतर्फी होऊ नये म्हणून एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. प्रारण ही साधी चाळणी नाही. ते स्वतः उत्परिवर्तने घडवते. हर्मन मुलर यांनी १९२७ मध्ये क्ष-किरणांनी फळमाशीत उत्परिवर्तनांचे प्रमाण वाढते असे दाखवले आणि १९४६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा २० आवर्तनांच्या प्रयोगातील काही बदल माऱ्यामुळेच झाले असणार. लेडरबर्ग यांची मखमल येथे पुरी पडत नाही.

शिवाय डीएनएला इजा झाली की पेशी स्वस्थ बसत नाही. विटकिन आणि मिरोस्लाव रादमान यांच्या कामातून १९७० च्या दशकात हे चित्र स्पष्ट झाले. इजेची वर्दी मिळताच एरवी बंद असलेली अनेक जनुके कामाला लागतात आणि त्यांपैकी काहींची दुरुस्ती घाईची, चुका करणारी असते. बुडत्या जहाजाच्या हाकेवरून या प्रतिसादाला ‘एसओएस’ हे नाव पडले. १९८८ मध्ये जॉन केर्न्स आणि सहकाऱ्यांनी तर जीवाणू आपल्याला हवे ते उत्परिवर्तन निवडत असावेत काय, असा प्रश्न उघडपणे विचारला. वाद बरीच वर्षे चालला. पुढील प्रयोगांत, उपयोगी बदल होत असताना त्याच पेशींत निरुपयोगी बदलही होत असल्याचे आढळले.

म्हणून आक्षेप अर्धा मान्य करणे हेच रास्त आहे. मारा बदलांची संख्या वाढवू शकतो. तो बदलांचा हेतू ठरवत नाही. वाऱ्याने झाड जोराने हलले तर अधिक आंबे पडतील, पण आंबा कोणाच्या झोळीत पडावा हे वारा ठरवत नाही. कारण आणि हेतू यांतील हा भेद भाषेच्या शिक्षकाला परिचित आहे. ‘मुळे’ आणि ‘साठी’ या दोन शब्दयोगी अव्ययांत तो सामावलेला आहे. ‘प्रारणामुळे बदल झाला’ हे काही वेळा खरे असते. ‘प्रारणापासून वाचण्यासाठी जीवाणूने बदल केला’ हे त्याच घटनेचे असत्य कथन असते.

७. हैदराबादचा फुगा

या भेदाचे एक जवळचे उदाहरण आहे. एप्रिल २००५ मध्ये हैदराबाद येथील केंद्रावरून सोडलेल्या फुग्याने २० ते ४१ किलोमीटर उंचीवरील हवेचे नमुने आणले. हैदराबादची पेशी व रेण्वीय जीवशास्त्र संस्था आणि पुण्याची राष्ट्रीय पेशीविज्ञान संस्था येथे त्यांची तपासणी झाली. मार्च २००९ मध्ये इस्रोने तीन नव्या जाती सापडल्याचे जाहीर केले. या तीनही जाती आपल्या जवळच्या आप्तजातींपेक्षा अतिनील किरणांना अधिक दाद न देणाऱ्या होत्या. या कामातून परग्रहावरील उगम निर्णायकपणे सिद्ध होत नाही, हे त्या निवेदनातच म्हटले होते.

ही बातमी वाचणाऱ्याच्या मनात सहज एक साखळी तयार होते: वर अतिनील किरण फार, म्हणून हे जीवाणू त्यांना सरावले. दुसरी शक्यता अधिक साधी आहे. खालून वर गेलेल्या नाना जीवाणूंपैकी जे आधीच चिवट होते तेवढेच जिवंत सापडले. त्यांपैकी आर्यभट्टांच्या नावाने ओळखली जाणारी जाती पुढे ठिकठिकाणी जमिनीत आणि वनस्पतींच्या मुळांभोवतीच्या मातीत आढळली, ही गोष्ट या दुसऱ्या वाचनाला बळ देते.

८. नामांची काळजी, क्रियापदांची हेळसांड

भारतीय भाषांत विज्ञान आणण्याचे मोठे प्रयत्न परिभाषेपासून सुरू झाले. हैदराबादेत १९१७ मध्ये उस्मानिया विद्यापीठासाठी दारुल-तर्जुमा स्थापन झाले. वहीदुद्दीन सलीम यांचा ‘वझ-ए-इस्तिलाहात’ हा संज्ञा कशा घडवाव्यात याविषयीचा ग्रंथ त्याच काळातला. मराठीत विश्वकोशाने आणि शासनाच्या परिभाषा कोशांनी हे काम केले. ‘उत्परिवर्तन’ ही संज्ञा त्यांतूनच रुळली.

नामांच्या निवडीतही इतिहास दडलेला असतो. उत्परिवर्तनाला अरबीत ‘तफ्रा’ म्हणतात. त्याचा अर्थ उडी. नवव्या शतकातील मुतझिली विचारवंत नज्जाम याने, गतिमान वस्तू मधले काही बिंदू ओलांडून थेट पुढे पोचते असे मांडले होते. त्या मतालाही हेच नाव होते. ह्यूगो द व्हरीस यांनी १९०१ मध्ये उत्परिवर्तनाचा सिद्धान्त मांडला तेव्हा त्यांनाही एका झेपेत होणारा मोठा बदल अभिप्रेत होता. आज ही संज्ञा डीएनएतील एका अक्षराच्या बदलालाही लागू होते. उडीचा अर्थ मागे पडला, शब्द राहिला. त्यात फारशी हानी नाही, कारण व्याख्या दिली की नाम ताळ्यावर येते.

क्रियापदाची मात्र कोणी व्याख्या देत नाही. परिभाषा कोशात ‘उत्परिवर्तन’ सापडते. ते ‘होते’ की ‘केले जाते’, आणि कोणाकडून, हे कोशात नसते. मराठी व उर्दूत सचेतन कर्ता आणि सकर्मक क्रियापद ही कथनाची सोपी वाट आहे, म्हणून लेखक नकळत तिकडे वळतो. जीवाणू ‘ठरवतो’, ‘शिकतो’, ‘हुशार होतो’. मग वाचकांत दोन पक्ष पडतात. एकाला त्या हुशारीत सृष्टीतील योजनेचा थेट पुरावा दिसतो. दुसरा त्याच हुशारीला उत्क्रांतीचा पुरावा समजून श्रद्धावंतांची थट्टा करतो. दोघेही एका चुकीच्या वाक्यावर वाद घालत असतात. श्रद्धेला अशा आधाराची गरज नाही आणि विज्ञानालाही नाही.

९. समारोप

हा केवळ शैलीचा प्रश्न असता तर त्यासाठी एवढा खल करण्याचे कारण नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये भारतासह १२ देशांत केलेल्या पाहणीत ७६ टक्के लोकांनी, प्रतिजैविकांना रोध निर्माण होतो तो आपल्या शरीरात, असे मानल्याचे दिसले. ‘औषधाची सवय झाली’ या वाक्यात सवय कोणाला, हे गुलदस्त्यात राहते. ऐकणारा ती स्वतःच्या शरीराला लावून घेतो. मग तो म्हणतो, सवय मला लागली आहे, तर शेजाऱ्याला त्याची झळ कशी लागेल? वस्तीत टिकाऊ जीवाणूंची निवड होते आणि ते एकाकडून दुसऱ्याकडे जातात, हे त्याला कळले तर सर्दीपडशाला मनानेच गोळ्या घेताना तो दोनदा विचार करील.

प्रारण सोसणाऱ्या जीवाणूंची कथा या दृष्टीने अध्यापनाला फार सोयीची आहे. तिच्यात चार पेशी आहेत, मखमलीचा ठसा आहे, नासलेला मांसाचा डबा आहे आणि आकाशातून उतरलेला फुगा आहे. महाविद्यालयातील विज्ञानाचा आणि भाषेचा शिक्षक यांनी ती एकत्र शिकवावी, अशी ती आहे. विद्यार्थ्यांना ‘जीवाणूंना सवय होते’ हे वाक्य फळ्यावर लिहून द्यावे आणि त्यातील कर्ता व क्रियापद तपासायला सांगावे. तासाच्या शेवटी फळ्यावर असे काही उरले पाहिजे: माऱ्यात बहुतेक जीवाणू मरतात, ज्यांच्यात टिकण्याजोगा बदल झालेला असतो ते उरतात, पुढची वस्ती त्यांच्या वंशजांची असते. हे वाक्य ‘सवय’ या एका शब्दापेक्षा लांब आहे. परंतु मेलेल्यांची मोजदाद त्यात आहे, आणि त्या मोजदादीशिवाय ही कथा खरी होत नाही.